मधुमेहाची नवी गोळी लिहून दिली आहे, पण साइड इफेक्ट वाचून घ्यायची भीती वाटते. काय करू?

ताई, गोळी सुरू करा. पण त्याआधी घरातली जुनी पट्टी बाजूला काढा आणि डॉक्टरांना एक फोन करा.

तुम्ही लिहिलंय की वय ५४, मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ चालू होती, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.६ आली म्हणून ‘डापा आणि मेटफॉर्मिन एकत्र’ असलेली नवी गोळी मिळाली. नेटवर वाचून घाबरलात आणि नवी पट्टी तशीच फ्रीजवर पडून आहे. श्रावणातले उपवास या गोळीबरोबर चालतील का, असंही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की जुनी चालू ठेवायची का, ते विचारायचं राहिलं. मला सगळ्यात जास्त काळजी त्या शेवटच्या वाक्याची वाटली.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे, आणि हीच दोन औषधं मी स्वतःही घेते. तेव्हा पुढचं काही काउंटरच्या आतून पाहिलेलं आहे, काही अंगावर घेतलेलं.

आधी जुन्या पट्टीचं. पट्टीवर ठळक अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, आणि आत काय आहे ते खाली मुंगीएवढ्या अक्षरात. नाव बदललं की औषधच बदललं असं लोक धरून चालतात. तुमच्या नव्या गोळीत बहुधा डापाग्लिफ्लोझिन (म्हणजेच डापा) १० मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० किंवा १००० असेल. जुन्या दोन चालूच ठेवून वर ही घेतली, तर मेटफॉर्मिन एका दिवसात दीडपट नाहीतर दुप्पट. दिवसाला २००० मिलिग्रॅम घेणारे पुष्कळ आहेत, पण ते हळूहळू चढत गेलेले असतात. एका रात्रीत उडी मारली की दुसऱ्या दिवशी संडासाच्या दारातच बसावं लागतं, आणि खापर फुटतं नव्या गोळीवर. म्हणून फोनवर विचारा: “जुनी बंद ना?” बीपीच्या गोळ्यांची नावंही त्याच फोनवर वाचून दाखवा. त्यात लघवी वाढवणारं औषध असेल तर डापामुळे पाणी आणखी कमी होऊन उठताना चक्कर येऊ शकते. शेवटचं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी केलं होतं तेही सांगा. किडनीचं काम फार कमी झालेलं असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत.

आता नेटवरची ती यादी. औषधाच्या चाचणीत लोकांनी सांगितलेल्या तक्रारी नोंदवल्या जातात आणि त्यातूनच ती लांबलचक यादी तयार होते. वाचायचीच असेल तर प्रमाण बघून वाचा. ‘अतिशय सामान्य’ म्हणजे दहात एकाला किंवा त्याहून जास्त जणांना, ‘दुर्मीळ’ म्हणजे हजारात एकाहूनही कमी जणांना. आपण मात्र सगळ्या ओळी एकाच जोराने वाचतो.

मेटफॉर्मिनचा त्रास पोटाचा. मळमळ, गॅस, पातळ होणं, तोंडाला धातूसारखी चव. तुम्ही आधीपासून घेताय, त्यामुळे निम्मी लढाई झालेलीच आहे. गोळी जेवणाच्या मध्यावर किंवा जेवण होताच घ्या, चहाबरोबर नाही. नावापुढे एसआर किंवा एक्सआर असेल तर तोडू नका, चावू नका, कुटून तर अजिबात नको. ती आतून हळूहळू सुटण्यासाठीच बनवलेली असते. कधी कधी तिचं रिकामं टरफल शौचातून अख्खं पडतं. आमच्याकडे एक काका ते कागदात गुंडाळून दाखवायला घेऊन आले होते, “तुमची गोळी विरघळतच नाही” म्हणून. औषध अंगात गेलेलं असतं, राहतो तो नुसता सांगाडा. डोस वाढल्यावर पोट बिघडलं तर एक-दोन आठवड्यांत बहुतेकांचं ताळ्यावर येतं. नाही आलं तर सोसत बसू नका, डोस कमी करून हळू वाढवता येतो.

वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होतं. शाकाहारी असाल आणि वर रोज उपाशीपोटी पित्ताची गोळीही चालू असेल, तर आणखी. पायाला मुंग्या आल्या की ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून देतात. एकदा बी-१२ तपासून घ्या.

डापाचं काम वेगळं. ती किडनीला साखर लघवीवाटे सोडायला लावते, दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम. चहाचे बारा-चौदा चमचे झाले! म्हणून लघवी थोडी जास्त होते (गोळी सकाळची असेल तर रात्रीची झोप वाचते), वजन जरा उतरतं, आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘शुगर’पुढे चार-चार अधिक चिन्हं येतात. हा रिपोर्ट बघून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. ही गोळी चालू असताना लघवीत साखर दिसणारच, ती दिसणं म्हणजे गोळी काम करतेय. तुमची शुगर रक्तातच बघायची.

याच साखरेमुळे खालच्या जागी बुरशी धरते, आणि बायकांना हा त्रास जास्त होतो. यावर कुणी बोलत नाही. मी काउंटरला असले तर बायका थांबतात, आमचे हे असले तर पुढच्या दुकानात जातात, आणि ‘खाजेचं मलम’ एवढंच म्हणून कुठलंतरी स्टिरॉइड मिसळलेलं मलम घेऊन येतात. त्याने दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट वाढतं. तसलं लावू नका. लघवीनंतर साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, सुती कपडे वापरा, साबण-डेटॉल तिथे नको. खाज, पांढरं जाणं, आग सुरू झाली तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. बुरशीवरचं औषध साधं आहे, लवकर बरं होतं आणि बहुतेक वेळा डापा बंदही करावी लागत नाही. मलाही झालं होतं, लाजण्यासारखं त्यात काही नाही. थंडी वाजून ताप, कमरेत दुखणं किंवा त्या भागाला सूज आणि जबर वेदना असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

आता जे खरंच भ्यावं असं आहे ते. क्वचित होतं, पण ओळखता यायला हवं. सतत उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, विलक्षण गळून जाणं, असं झालं तर रक्तात किटोन (साखरेऐवजी चरबी जाळताना तयार होणारी आम्लं) वाढलेले असू शकतात. डापावर असताना फसवणूक अशी की ग्लुकोमीटर १८० दाखवतो, घरचे म्हणतात शुगर तर बरी आहे, अपचन असेल. तसं म्हणून घरी थांबू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि ‘डापाग्लिफ्लोझिन चालू आहे’ हे शब्द उच्चारा, पट्टीच सोबत न्या. हे टाळायचा नियम सोपा आहे: जुलाब, उलट्या, ताप असून जेवण जात नसेल त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, पाणी-पेज घेत राहायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि जेवण पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू करायची. ऑपरेशन ठरलं असेल तर डापा साधारण तीन दिवस आधी थांबवतात. मोतीबिंदूसारखं छोटं असलं तरी सर्जनला आधी विचारा.

‘शुगर एकदम लो होईल का?’ नुसत्या या दोन औषधांनी सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी किंवा इन्सुलिन जोडीला असेल तर होते. मात्र इतके दिवस अडीचशेची सवय झालेल्या शरीराला १२० वरही हात थरथरल्यासारखं, घाम फुटल्यासारखं वाटतं. अशा वेळी आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणं. व्होग्लिबोज ही शुगरची गोळी चालू असणाऱ्यांना साखर लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी.

किडनीबद्दल. ‘शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे आमच्या दुकानात दिवसातून दहादा ऐकू येतं. किडनी जाते ती बहुतेकदा वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने आणि बीपीने. डापाची तर उलट गोष्ट आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डापा-सीकेडी चाचणीत किडनीचा आजार असलेले ४,३०४ रुग्ण होते, आणि गोळी घेणाऱ्यांमध्ये किडनी आणखी बिघडण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वर जातं, तेवढ्यावरून घाबरून बंद करू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात डापाचं पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्यांनी ती काढली आणि किंमत उतरली. हल्ली प्रत्येकाच्या चिठ्ठीवर ती दिसते त्याला हेही एक कारण आहे.

डॉक्टरांकडे जाताना ‘गोळी सोसत नाही’ एवढंच बोललात तर ते तरी काय करणार? कधी घेतली, काय खाऊन, किती वेळाने काय झालं, हे कॅलेंडरवर त्या त्या तारखेला खरडून ठेवा. वेगळंच काही घडलं तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री क्रमांकावर औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करता येते, सामान्य माणसालाही. फारसं कुणी करत नाही, करायला हवी.

राहिला श्रावणाचा प्रश्न. सोमवार धरायचे असतील तर फराळ करून, आणि तेही डॉक्टरांना सांगून. साबुदाण्याच्या खिचडीने शुगर उडते. राजगिरा, दही, शेंगदाणे, काकडी बरी. पाणी दिवसभर. मात्र हरितालिकेचा निर्जळी उपवास या गोळीबरोबर करू नका. पाणी नाही, जेवण नाही आणि वर डापा, हे किटोनला आमंत्रण आहे. मी त्या दिवशी फळं आणि ताक घेते, पूजा सगळी करते. सासूबाईंनी पहिल्या वर्षी तोंड वाकडं केलं होतं. आता त्यांनाही हीच गोळी आहे.