वाचक विचारतात : आधी बस जाऊ द्या

प्रश्न : बसमधून उतरल्यावर पलीकडे जाताना काही जण बसच्या पुढून जातात, काही मागून. बरोबर कोणतं? (एक वाचक, कर्वे रस्ता, पुणे)

उत्तर : दोन्ही नाही. बस निघून जाईपर्यंत फुटपाथवरच थांबायचं. फार तर अर्धं मिनिट जातं.

पुढून गेलात तर पहिला धोका त्याच बसचा. ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसलेला असतो. बसच्या डाव्या कोपऱ्याला चिकटून चालणारं बुटकं माणूस किंवा लहान मूल त्याला काचेतून दिसतच नाही. तेवढ्यातून निभावलात तरी बसची उजवी कड संपते तिथे दुसरा धोका असतो : बसला ओव्हरटेक करून येणारी दुचाकी. ताशी 40 किलोमीटर वेगाची दुचाकी सेकंदाला 11 मीटर कापते. चालवणाऱ्याला तुम्ही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद सहज जातो, त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी दहाएक मीटर लागतात. म्हणजे किमान 20 मीटर हवेत. बस असते 12 मीटर लांब. तुम्ही कडेआडून डोकावता तेव्हा दुचाकी बसच्या शेपटाशी असली, तर हिशेब जुळत नाही.

मागून जाण्याचा सल्ला मोठी माणसं देतात त्यात तथ्य आहे, पण निम्मंच. आपल्या बाजूची वाहनं बसच्या मागूनच येतात, त्यामुळे ती दिसतात. दुभाजक नसेल तर मात्र समोरून येणारी वाहनं बसआड लपलेली असतात. गर्दीच्या थांब्यावर मागे लगेच दुसरी बस येऊन लागते. त्या दोन बसच्या फटीत कधीही शिरू नका. चढावर सुटताना पुढची बस हातभर मागे येऊ शकते.

एक गोष्ट रस्ता ओलांडण्याच्याही आधीची. बस फुटपाथपासून दोन हात लांब थांबली की मधल्या जागेतून दुचाक्या घुसतात (आपल्याकडे जागा दिसली की घुसायची, हा नियमच). शेवटच्या पायरीवर असताना डावीकडे, म्हणजे बसच्या मागच्या अंगाला बघा, मगच पाय खाली टाका. मागचे ‘चला, चला’ म्हणेनात का.

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. गाडी किती लांब असली म्हणजे त्यांनी निघावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सिग्नलच्या वेळा ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरलं जातं. दुखऱ्या गुडघ्यांना 0.8 धरा. दुभाजकापर्यंतच्या दोन लेन म्हणजे सुमारे 7 मीटर. तुम्हाला त्याला 6 सेकंद लागतील, त्यांना जवळजवळ 9. तेवढ्या वेळात ताशी 40 च्या वेगानं येणारी गाडी शंभरेक मीटर पुढे आलेली असते.

शंभर मीटर डोळ्यांना कळत नाहीत, खांब कळतात. शहरात दिव्यांच्या खांबांमध्ये बहुधा 25 ते 30 मीटर अंतर असतं. सासूबाईंसाठी उजवीकडचे चार खांब रिकामे हवेत, तुम्हाला तीन पुरतील. पावसात एक खांब वाढवा, ओल्या रस्त्यावर गाडी उशिरा थांबते. छत्री उजव्या खांद्यावर कलती धरली तर येणारी गाडीच झाकली जाते, हेही सांगून ठेवा.

तिरपं जाऊ देऊ नका. 7 मीटरचा रस्ता तिरका कापला की 10 मीटर होतो. वीतभर रुंदीच्या दुभाजकावर चढून उभं राहणं तर नकोच. तोल जातो आणि हातातली पिशवी लेनमध्ये लोंबते. तिथे दोन्ही बाजू एकदम मोकळ्या मिळेपर्यंत थांबावं किंवा सिग्नल गाठावा. सिग्नलचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला असेल तर त्या फेरीत निघूच नये. आकडे दिसत असतील तर पूर्ण रस्त्याचे सेकंद शिल्लक आहेत का, ते बघावं.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे. स्कूलबसमधून उतरल्यावर त्याला काय शिकवावं?

उत्तर : शिकवण्याआधी त्याचं मनगट धरा, बोट नव्हे, बोट सुटतं. नऊ-दहा वर्षांपर्यंत येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज मुलांना नीट येत नाही, त्यामुळे ‘बघून ये’ म्हणणं पुरेसं नाही. पहिल्या अर्ध्या रस्त्यात गाड्या उजवीकडून येतात, तेव्हा मूल तुमच्या डावीकडे असू द्या. दुभाजकावर हात बदला. आणि एक पक्कं बजावा : बाटली किंवा डबा बसखाली गेला तर वाकायचं नाही, बसमधल्या ताईंना सांगायचं.

प्रश्न : ई-बसचा आवाजच येत नाही.

उत्तर : हळू वेगात खरंच येत नाही. कानावर विसंबू नका, इअरफोन काढा, थांब्यावर उभ्या बसचा उजवा इंडिकेटर बघा.

प्रश्न : आमच्या थांब्यापासून झेब्रा क्रॉसिंग लांब आहे. सगळे मधूनच पळतात. तक्रार कुठे आणि कशी करायची?

उत्तर : पळणाऱ्यांपेक्षा आखणीचा दोष मोठा. झेब्रा थांब्याच्या थोडा मागे हवा, म्हणजे उतरलेली माणसं आपोआप बसच्या मागच्या बाजूनं जातात आणि येणाऱ्या चालकांना ती दिसतात. पट्टे आणि दुभाजक महापालिकेच्या रस्ते विभागाकडे (पुण्यात पथ विभाग), सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांकडे, थांब्याची जागा बससेवेकडे. एकच अर्ज तिघांनाही द्या, नाहीतर तो एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहतो.

‘फार धोकादायक आहे’ एवढंच लिहू नका. थांब्याचं नाव, बस कुठल्या दिशेची, झेब्रा किती पावलांवर, आणि संध्याकाळच्या गर्दीत 15 मिनिटांत किती माणसं मधून ओलांडतात, हे मोजून लिहा. फोटो फुटपाथवर उभं राहून काढा. पट्टे मारून झाले की जाऊन बघा : ते दुभाजकाच्या रेलिंगला जाऊन भिडत असतील, तर रेलिंगमध्ये वाट करून मिळेपर्यंत अर्ज मागे घेऊ नका.