पियानो शिक्षकांनी स्वतःचे शिक्षण कसे चालू ठेवावे?

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत मी अनेक वर्षे मुलांना पियानो शिकवते आणि त्यांना एबीआरएसएम व ट्रिनिटी या ब्रिटिश संगीत परीक्षा संस्थांच्या ग्रेड परीक्षांना बसवते. मुले उत्तीर्ण होतात. मात्र माझे स्वतःचे शिक्षण आठव्या ग्रेडनंतर थांबले आहे. आता पदविका करावी, की कार्यशाळांना जावे? — एक शिक्षिका

उत्तर : दोन्ही करावे, पण त्याआधी आपण पुन्हा कोणाच्या तरी विद्यार्थिनी व्हावे, असे मी आग्रहाने सुचवेन. परीक्षांची तयारी करून घेता घेता शिक्षकाच्या हातात त्याच त्या मोजक्या रचना फिरत राहतात आणि स्वतःचा सराव मुलांच्या धड्यांपुरताच उरतो. महिन्यातून दोनदा का होईना, अधिक जाणत्या वादकापुढे बसून आपल्याला जड जाणारी रचना वाजवली, की चूक दाखवली जाताना कसे वाटते आणि कोणती सूचना हाताला खरोखर कळते, हे नव्याने उमगते. कार्यशाळेत बहुधा हे घडत नाही, कारण तेथे आपण श्रोते असतो.

त्याबरोबर, पालकांच्या संमतीने आपल्याच एका तासाचे मोबाइलवर चित्रीकरण करावे आणि आपण किती वेळ बोललो व मूल किती वेळ वाजवत होते, हे घड्याळ लावून मोजावे. सी मेजर स्केल (सी या स्वरापासूनची स्वरमालिका) चढताना उजव्या हाताचा अंगठा तिसऱ्या, म्हणजे मधल्या बोटाखालून एफ या स्वरावर जातो, त्या क्षणी मुलाचे कोपर बाहेर फेकले जाते का, मनगट आखडते का, आणि ते पाहून आपण नेमके काही सांगितले, की नुसते ‘पुन्हा वाजव’ म्हटले, हे त्यात स्वच्छ दिसते. काय बदलायचे ते कळल्याशिवाय पुन्हा वाजवणारे मूल तीच चूक पक्की करत असते. ठाण्यातल्या किंवा वाशी-नेरूळकडच्या एखाद्या शिक्षिकेशी बोलून एकमेकींच्या तासाला बसता आले, तर फारच उत्तम. विद्यार्थी पळवले जातील या धास्तीने आपल्याकडे शिक्षक एकमेकांना वर्गाचे दार उघडत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

माहितीही अद्ययावत ठेवावी लागते. १७२५ साली सुरू झालेल्या आना माग्डालेना बाख (संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या पत्नी) यांच्या वहीतील जी मेजरमधला प्रसिद्ध मिन्युएट, ही नृत्यचालीवरची छोटी रचना, संगीतकार ख्रिस्टियान पेट्झोल्ड यांचा असल्याचे १९७०च्या दशकात स्पष्ट झाले, तरी अनेक वर्गांत तो आजही योहान सेबास्टियन बाख यांचा म्हणून शिकवला जातो. परीक्षांचे स्वरूपही बदलले आहे. एबीआरएसएमच्या परफॉर्मन्स ग्रेडमध्ये चार रचना चित्रित करून पाठवायच्या असतात. साइट-रीडिंग (न सरावलेली रचना स्वरलिपी पाहून तिथल्या तिथे वाजवणे) आणि ऑरल, म्हणजे ऐकून उत्तर देण्याच्या, चाचण्या नसतात. ही सोय चांगली असली, तरी परीक्षेत नाही म्हणून साइट-रीडिंग वर्गातूनही गळू लागले, तर मुलाला पुढे प्रत्येक नवी रचना कोणाकडून तरी शिकूनच घ्यावी लागते. त्यामुळे दर तासाला त्यासाठी पाच मिनिटे राखावीत.

पदविका घेताना वादनाची की अध्यापनाची, हे आधी ठरवावे. आपला दिवस शिकवण्यात जातो, म्हणून मी अध्यापनाकडे झुकेन. अभ्यासक्रम मात्र त्या त्या संस्थेच्या चालू पुस्तिकेतूनच पाहावा. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) पियानोवादन असेल, तेव्हा ठाण्याहून जाण्यायेण्यात संध्याकाळ गेली तरी जावे. आणि आपल्या स्वतःच्या धड्याचा वार वेळापत्रकात आधी लिहून, पालकांना तसे कळवून, त्या वेळेत एकही शिकवणी घेऊ नये.