स्वातंत्र्यलढ्यात विदर्भाचा नेमका वाटा काय होता? सेवाग्राम सोडून काही ऐकायला का मिळत नाही?

तुमचं म्हणणं खरं आहे. शाळेच्या पुस्तकात पुणं येतं, साताऱ्याचं प्रतिसरकार येतं आणि विदर्भ म्हटलं की सेवाग्राम. मी नागपूरचा, त्यामुळे मनाला लागतंच.

आधी हे सांगतो की तेव्हा विदर्भ नावाचा सरकारी प्रांतच नव्हता. होता तो मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. त्यातला वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, इंग्रजांनी कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलेला. भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या करायचं काँग्रेसनं ठरवलं ते नागपूरच्याच अधिवेशनात, डिसेंबर १९२० ला. आमचं काँग्रेसनगर त्याच अधिवेशनाची आठवण.

पण मला विचाराल तर नागपूरची खरी कमाई म्हणजे १९२३ चा झेंडा सत्याग्रह. भांडण कशाचं, तर एका रस्त्याचं. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चरख्याचा झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक पोलिसांनी सिव्हिल लाइन्सजवळ अडवली. साहेबांच्या बंगल्यांपुढून हा झेंडा जायचा नाही, एवढाच हट्ट. मग १ मेपासून तुकड्या निघू लागल्या. झेंडा घ्यायचा, चालायचं, पकडलं जायचं, पुढची तुकडी तयारच. जमनालाल बजाज जूनमध्ये आत गेले, तेव्हा सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनाही इथंच अटक झाली. बिहार, गुजरात, मद्रासकडून लोक येत राहिले, हजारावर माणसं तुरुंगात गेली. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. मी रोज ऑफिसला त्याच बाजूनं जातो आणि सिग्नलला दोन मिनिटं अडकलो तरी चिडतो, ते सोडा.

१९३० ला मिठाची हाक आली, पण आमच्याकडे समुद्र कुठला? अकोल्याकडच्या मंडळींनी दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ काढलं. ज्या खारपाणपट्ट्याला, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागाला, लोक एरवी शिव्या घालतात, तोच कामी आला. बाकीच्यांनी जंगल धरलं. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला कायदा मोडून राखीव जंगलातलं गवत कापलं. संघाचे डॉ. हेडगेवारही त्याच महिन्यात यवतमाळला जंगल सत्याग्रह करून जेलात गेले. हा मार्ग खेड्यात पटला, कारण ढोरांच्या चाऱ्याचं आणि सरपणाचं दुखणं घरोघरी होतं. मिठापेक्षा गवत जवळचं.

आणि मग १९४२. 'चले जाव'चा ठराव मुंबईत झाला हे सगळ्यांना ठाऊक, पण त्याचा मसुदा कार्यकारिणीनं जुलैमध्ये वर्ध्यात मंजूर केला होता. ऑगस्टात नागपूर पेटलं. हिंदुस्तान लाल सेना या क्रांतिकारी संघटनेचे शंकर महाले यांना पुढे जानेवारी १९४३ मध्ये नागपूरच्या जेलात फाशी झाली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरबद्दल मला तटस्थपणे लिहिता येत नाही, आजोळ त्या भागातलं आहे. १६ ऑगस्ट, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी गाव आधीच तापलेलं. गोळीबारात माणसं पडली, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा. मग जमाव उसळला, सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तेच घडलं. त्यानंतर चिमुरात लष्कर शिरलं. बायकांवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. फाशीच्या शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांचे जीव वाचावेत म्हणून नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे झटल्या आणि त्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेवर आल्या.

आमची आजी नागपंचमीला पुरणाचे दिंड करायची, पण त्या दिवशी घरात मोठ्यानं हसलेलं तिला चालत नसे. कारण विचारलं की म्हणायची, "आज चिमूरची पंचमी आहे ना बाबू." नागपूरहून कोलारा गेटनं ताडोब्याचा वाघ बघायला जाल, तेव्हा रस्ता चिमूरवरूनच आहे. गाडी थांबवा थोडी.