झिलई, कल्हई आणि गाडीवरचे चरे

बेळगावच्या एका वाचकाने विचारले आहे की, गाडीच्या रंगावर उन्हात दिसणारे गोल गोल बारीक चरे यंत्र फिरवून घालवतात, त्या कामाला मराठीत काय म्हणावे आणि ‘पॉलिश चढवणे’ हा प्रयोग योग्य आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण हा प्रयोग आता उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिरांपासून सुशिक्षित गाडीमालकांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला आहे आणि तो सपशेल चुकीचा आहे. पॉलिश चढत नाही. ‘पॉलिश’ या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्याला जोडलेल्या क्रियापदाचा.

यंत्र प्रत्यक्षात काय करते ते पाहू. आजच्या गाड्यांवर रंगाच्या थरावर एक पारदर्शक थर असतो, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी असते. खानापूरकडची तांबडी धूळ बॉनेटवर बसलेली असताना कोणी कोरडे फडके फिरवले की त्या धुळीतले वाळूचे कण या थरात बारीक खाचा पाडतात. खाचेच्या कडांवर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला चरा दिसतो. पॉलिशर, म्हणजे हे घासणारे यंत्र, या खाचेत काहीही भरत नाही. फोमच्या किंवा लोकरीच्या चकतीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे सूक्ष्म कण असलेली लेई घेऊन ते खाचेभोवतीचा पृष्ठभाग झिजवते आणि आजूबाजूची पातळी खाचेच्या तळापर्यंत उतरली की चरा नाहीसा होतो. ‘चरा काढला’ असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः चऱ्याभोवतीचा थर काढलेला असतो. एका खेपेला जेमतेम एक-दोन मायक्रॉन थर जातो, पण जातो हे निश्चित, आणि गेलेला थर परत येत नाही. ज्या कामात वस्तू कमी होते त्याला ‘चढवणे’ हे क्रियापद कसे लावायचे?

हा घोटाळा आला कोठून, याचे उत्तर आपल्या ‘झिलई’ या शब्दाच्या पोटात आहे. झिलईचे जुने रूप ‘जिल्हई’. मूळ शब्द अरबी ‘जिला’, म्हणजे घासून आणलेली चकाकी. ज्या शब्दधातूपासून तो आला त्याचा गाभ्यातला अर्थ उघड होणे, स्वच्छ दिसू लागणे, आवरण दूर होणे असा आहे. ‘जलवा’ हा शब्द याच कुळातला. दख्खनी मुसलमानांच्या लग्नात नवरानवरी प्रथम एकमेकांचे मुख पाहतात त्या विधीला जलवा म्हणतात. माझ्या मते आपला ‘तजेला’सुद्धा याच घरातला आहे, कारण ‘तजल्ली’, म्हणजे तेज प्रकट होणे, या शब्दापासून त्याची वाट सरळ दिसते. तेव्हा झिलई म्हणजे वरून लावलेली वस्तू नव्हे. मुळात असलेले तेज वरचा मळ आणि खरखर दूर केल्यावर दिसू लागते, त्याचे ते नाव आहे.

मग ‘जिला’ची ‘जिल्हई’ कशी झाली? त्यातला ‘ह’ आणि शेवटचा ‘ई’ आला कोठून? बहुतेक कोश येथे ‘अरबी’ असा शिक्का मारून, पुढे चकाकी, तकाकी, लकाकी असे प्रतिशब्द ठेवून मोकळे होतात. हे व्युत्पत्तीचे काम अर्ध्यावर टाकणे आहे. अरबीत ‘ऐन’ नावाचा कंठ्य वर्ण आहे आणि लकारानंतर, म्हणजे ‘ल’नंतर, तो आला की मराठीने त्याचा ‘ह’ केल्याची उदाहरणे आहेत. ‘जिलअ’ या शब्दाचा ‘जिल्हा’ झाला आणि ‘कलई’, म्हणजे मलय द्वीपकल्पातल्या कलह या ठिकाणच्या नावाशी जोडले जाणारे कथील, त्याची आपल्याकडे ‘कल्हई’ झाली. दोन्ही शब्दांत ऐन आहे. ‘किल्ला’ या शब्दात ‘ह’ उरला नाही, असा आक्षेप घेतला जातो; पण तेथेही ऐनची जागा दुसऱ्या लकाराने भरून काढली आहे. ‘जिला’ या शब्दात मात्र लकाराला लागून ऐन नाहीच, त्यामुळे भरून काढायला जागाच नव्हती. म्हणून माझे ठाम मत आहे की जिल्हईतला ‘ह’ आणि ‘ई’ हे दोन्ही कल्हईकडून उसने आले. भांड्यांच्या बाजारात दोन्ही शब्द शेजारी नांदले, दोन्हींच्या शेवटी भांडे चकाकले, आणि एकाच्या साच्यात दुसरा ओतला गेला.

रूपाबरोबर अर्थही सरकला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील भांडेभर फिरवतो. तेथे नवा थर खरोखरच चढतो, म्हणून ‘कल्हई चढवणे’ हा प्रयोग शंभर टक्के योग्य आहे. कल्हईचे रूप घेतलेल्या जिल्हईला तेच क्रियापद चिकटले, आणि झिलईच्या जागी पॉलिश आले तेव्हा ते क्रियापद पॉलिशच्याही गळ्यात पडले.

‘झिलई’ हा शब्द ‘झळकणे’ आणि ‘झळाळी’ यांच्यापासून आला असे सांगणारे अभ्यासक आहेत. त्यांनी जुन्या रूपातला ‘ज’ आणि ‘ल्ह’ डोळ्यांआड केला आहे. नुसत्या नादसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. आपल्या सीमाभागात आणखी एक मत ऐकू येते, ते म्हणजे ‘उजाळा’ हा शब्द कन्नड ‘उज्जु’ या धातूपासून आला. हेही टिकत नाही. उजाळा आणि उजळणे यांचे मूळ संस्कृत ‘उज्ज्वल’, प्राकृत ‘उज्जल’ येथे आहे. कन्नडच्या ‘उज्जु’चा अर्थ घासणे. तो उजाळ्याचा पूर्वज नसला तरी गॅरेजमधला कन्नड भाषक तो शब्द वापरतो तेव्हा कामाचे नेमके वर्णन करतो, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. कारागिरांचा ‘रबिंग’ हा शब्दही त्याच कारणाने प्रामाणिक आहे.

घासून तेज आणणाऱ्याचे नाव आपल्या भागात घरोघरी माहीत आहे, पण त्याच्याकडे कोणी शब्द म्हणून पाहत नाही. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, मिरज या पट्ट्यातले ‘शिकलगार’ हे आडनाव अरबी ‘सकल’, म्हणजे घासून गुळगुळीत करणे, आणि फारसी ‘गर’, म्हणजे करणारा, यांपासून झाले. तलवारीचे पाते सहाणेवर घासून त्यावरचा गंज आणि खरखर काढणारा तो शिकलगार. पात्यावर त्याने काही चढवले असते तर धार बोथट झाली असती.

आता वापराविषयी. या कामाला ‘रंग घोटणे’ म्हणावे आणि परिणामाला ‘झिलई येणे’. हाती केलेला कागद दगडाने घोटतात, जमीन घोटतात, आणि दोन्हींत घर्षणाने पृष्ठभाग एकसारखा होतो; तेव्हा या क्रियापदाला नवे काही शिकवावे लागत नाही. यंत्राला पॉलिशर म्हणण्यास माझी हरकत नाही.

वर मीही सरसकट ‘चरा’ म्हटले, पण ‘चरा’ आणि ‘ओरखडा’ यांतही फरक राखावा. ‘चरा’ हा ‘चर’, म्हणजे खणलेली लांब खाच, याचा धाकटा भाऊ आहे आणि त्यात खोली अभिप्रेत आहे. ओरखडा वरवरचा असतो. कारागीर रेघेवरून नख आडवे फिरवून पाहतो. नख अडकले तर तो खरा चरा, आणि तो घोटून जात नाही, कारण तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचता पोहोचता पारदर्शक थरच संपेल. नख न अडकणारे ते ओरखडे, आणि यंत्राने जातात ते हेच. विचारणाऱ्याने लिहिलेले ‘गोल चरे’ त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुकते. ते चरे नाहीत आणि गोलही नाहीत. त्या सर्व दिशांना गेलेल्या जवळजवळ सरळ रेषा असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेषा आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात आणि वर्तुळांचा भास होतो. आपण दोन पावले सरकलो की वर्तुळेही आपल्याबरोबर सरकतात. त्यांना ‘ओरखड्यांचे जाळे’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

हा भेद गिऱ्हाइकाच्या खिशाशीही जोडलेला आहे. “पॉलिश चढवून देतो की ओ” असे ऐकल्यावर ज्याला क्रियापद खटकत नाही, त्याच्या गाडीवर कधी कधी तेलकट भरणद्रव्य असलेली ‘ग्लेझ’ फासली जाते. ती ओरखड्यांत बसून त्यांना झाकते आणि काही धुण्यांनंतर ओरखडे जसेच्या तसे वर येतात. तेथे काही चढवलेले असते हे खरे, पण ती झिलई नव्हे. ‘चढवणे’ हे क्रियापद मेणाला, सीलंटला आणि सिरॅमिकच्या थराला खुशाल लावावे. ते थर रंग घोटून झाल्यानंतर वर बसतात आणि कल्हईचे खरे वारस तेच आहेत.