ख्रिस्ती माणसाचा संयम म्हणजे मुकाट ऐकून घेणं का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात साहेब टाकून बोलले की तोंड सुटतं, बायबलातल्या गलतीकरांस पत्रातलं इंद्रियदमन रोज वाचूनही जमत नाही. मग संयम म्हणजे मुकाट ऐकून घेणं का, असं विचारताय. नाही. यावरून माझ्या घरात अजून वाद आहे, म्हणून लिहितोय.

मी बेळगावचा, कॅम्पातला. वडील गेल्यावर घराच्या उताऱ्यावर आईचं नाव चढेना, म्हणून मराठीत तक्रार लिहून एका सरकारी कचेरीत गेलो. बरोबर धाकटा मेव्हणा. टेबलापलीकडच्या माणसाने वरच्या ओळी पाहिल्या न पाहिल्या आणि कागद ढकलला, ''कन्नडदाग बरकोंड बर्री.'' म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. कागद घसरून खाली पडला. मेव्हण्याने टेबलावर हात आपटला, मागची रांग गप्प झाली. 1956 पासूनचं सीमावादाचं दुखणं आहे हे, इकडे एका शब्दावरून गल्ली पेटते.

मी कागद उचलला, शर्टाला पुसला, परत त्यांच्यापुढे ठेवला. कन्नड मला चांगलं येतं. कन्नडमध्येच म्हणालो, उद्या कन्नड प्रतही आणून देतो, पण ही घ्या आणि पोच द्या. घटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं. ते आत गेले, बऱ्याच वेळाने आले, शिक्का मारला.

बाहेर पायरीवरच मेव्हणा म्हणाला, ''दाजी, तुम्ही घाबरलात. बायबल पुढे करून भित्रेपणा झाकता.'' तेव्हापासून दर नाताळला जेवताना हेच ऐकतोय.

त्याने योहानाच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय नीट वाचावा. येशूला धरायला लोक येतात, त्याचा शिष्य पेत्र तलवार उपसून महायाजकाच्या चाकराचा, मल्खाचा, कान कापतो, तेव्हा येशू त्याला तलवार म्यानात घालायला सांगतो. त्याच रात्री महायाजकापुढे एक शिपाई येशूला चपराक मारतो. तिथे येशू गप्प बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं सरळ विचारतो. पुढे लूकच्या 23 व्या अध्यायात हेरोद राजा नाना प्रश्न विचारतो तेव्हा मात्र येशूचा एक शब्द नाही. कुठे बोलायचं आणि कुठे नाही हे येशूने ठरवलं, मारणाऱ्याने नाही. मेव्हण्याला पेत्राची तलवार तेवढी आठवते.

आमच्या चर्चच्या मंडळींचंही चुकतं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मटण सोडलं की संयम झाला, आणि कमिटीच्या मीटिंगला तेच लोक एकमेकांचे बाप काढतात. गलतीकरांसच्या 5 व्या अध्यायात देहाच्या कर्मांची यादी आहे. तिच्यात दारूबाजीच्या आधी वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी येतात. उपदेश मात्र दारूवरच.

तुमच्या साहेबांचं म्हणाल तर मनाशी एवढंच धरा, की मला यांच्याकडून नेमकं काय हवंय. मला पोच हवी होती, त्या माणसाची माफी नाही. काय हवं ते ठरलेलं असलं की तोंड त्याच्याच मागे जातं. प्रार्थना रात्री करता तशी साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधीही करा, मनातल्या मनात, एका वाक्याची.

उपासाला मी नावं ठेवत नाही, माझी आई गुड फ्रायडेला पाणीसुद्धा तीननंतर घ्यायची आणि तिचा शब्द कधी वाकडा गेला नाही. आणि साहेब शिवीगाळ करत असतील तर ते पोटात घालू नका, लेखी तक्रार द्या. हातापायीवर येत असेल, तुमच्याकडून किंवा त्यांच्याकडून, तर तो विषय माझ्या उत्तराबाहेरचा आहे, पाळकांना किंवा समुपदेशकाला भेटा.

मेव्हण्याला हे उत्तर पाठवणार आहे. आईचं नाव त्या उताऱ्यावर चढलं, हेही त्याने लक्षात घ्यावं.