कॅचचे कंस रिकामे सोडू नकोस
जावा शिकताना प्रोग्राम मध्येच बंद पडला की सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे चूक झाली तर ती पकडणाऱ्या रचनेत, गुंडाळावासा वाटतो. तसं करू नकोस. त्यातही कॅचचे कंस रिकामे सोडणं सगळ्यात वाईट: चूक होते, पण कुणाला कळत नाही, आणि पुढे कुठेतरी भलतंच उत्तर येतं. मग बस शोधत!

आधी स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कुठे झाली ते सांगणारा मजकूर, नीट वाच. लांबलचक लाल मजकूर बघून घाबरायचं कारण नाही. पहिल्या ओळीत एक्सेप्शनचं, म्हणजे झालेल्या चुकीचं, नाव असतं. तिथून खाली ये आणि तुझ्या स्वतःच्या क्लासचं नाव असलेली पहिली ओळ पकड. लाइन नंबर तिथेच मिळतो. 'कॉज्ड बाय' असेल तर सगळ्यात शेवटचं बघ, मूळ कारण बहुधा तिथे असतं.

नलपॉइंटरएक्सेप्शन (जिथे ऑब्जेक्ट हवा तिथे नल, म्हणजे काहीच नसलं, की येणारं) आलं तर ते पकडत बसू नकोस, कोड दुरुस्त कर. जावा 15 पासून तर नेमकं काय नल होतं तेही मेसेजमध्येच दिसतं. फाइल न सापडणं, नेटवर्क जाणं मात्र आपल्या हातात नसतं. तिथे कॅच हवाच, पण नेमका, म्हणजे आयओएक्सेप्शनचा. ते नव्या एक्सेप्शनमध्ये घालून वर फेकणार असशील, तर जुनं एक्सेप्शन नव्याच्या कन्स्ट्रक्टरला (ते तयार करणाऱ्या कोडला) न विसरता दे, नाहीतर मूळ कारण हरवतं.