छोट्या ट्रॅक्टरमध्ये कूलंटऐवजी (इंजिन गार ठेवणारं द्रव) बोअरचं पाणी चालेल का? बदलायचं कसं?

बोअरचं पाणी घालू नका. क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि भर चिखलणीत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. मी खानापूरकडचा, दोन हंगाम हाच शहाणपणा केला. शेवटी रेडिएटरखालचा कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडला तर चहासारखं गढूळ पाणी आलं.

कूलंट बदलणं घरी जमतं. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहू दे, सकाळी हात घाला. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. रेडिएटरखालचा कॉक सोडा, इंजिनच्या ब्लॉकला पाणी काढायचा ड्रेन बोल्ट असेल तर तोही, नाहीतर बरंच जुनं आतच राहतं. स्वच्छ पाण्याने धुवा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. डबा रेडीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेला, असेल तर पाणी अजिबात नको. हळू ओता, वरचा रबरी पाईप हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतात. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून गार झाल्यावर पातळी बघा; बहुतेक वेळा उतरलेली असते.

जुनं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका. चवीला गोड लागतं, कुत्रं किंवा वासरू चाटतं आणि दगावतं.